समावेशित शिक्षणातील मैत्री आणि सामाजिक कौशल्ये

समावेशित शिक्षणातील मैत्री म्हणजे एकाच शाळेत शिकणाऱ्या दिव्यांग आणि अन्य विद्यार्थ्यांमध्ये स्वेच्छेने निर्माण होणारे, परस्परांना हवेसे वाटणारे आणि समान पातळीवरचे स्नेहसंबंध होत. असे संबंध जुळण्यासाठी व टिकण्यासाठी लागणाऱ्या वर्तनविषयक क्षमतांना सामाजिक कौशल्ये म्हणतात. संभाषण सुरू करणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, खेळात सामील होणे, मदत मागणे, नकार देणे आणि भांडण मिटवणे ही त्यांची ठळक उदाहरणे आहेत. दिव्यांग विद्यार्थ्याला सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे त्याला मित्र मिळालेच असे होत नाही. शारीरिक उपस्थिती आणि सामाजिक सहभाग या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीसाठी शाळेला वेगळे नियोजन करावे लागते, हा या विषयातील मध्यवर्ती विचार आहे. प्रस्तुत लेखात या विषयाचा सर्वसाधारण आढावा असून महाराष्ट्रातील परिस्थिती, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणचा संदर्भ, स्वतंत्रपणे दिला आहे.

संज्ञा व व्याप्ती

मराठीत पूर्वी 'अपंग' हा शब्द सर्रास वापरला जात असे. २०१५ नंतर शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' ही संज्ञा रूढ झाली, मात्र या क्षेत्रातील काही कार्यकर्त्यांना ती गौरवाच्या आवरणाखाली अडचणी झाकणारी वाटते. शालेय शिक्षण विभागात 'विशेष गरजा असलेली बालके' असाही शब्दप्रयोग आढळतो. जुन्या संस्थांच्या नावांत 'मतिमंद' किंवा 'मूकबधिर' हे शब्द अद्याप दिसतात. त्यांच्या जागी आता 'बौद्धिक अक्षमता असलेले' आणि 'कर्णबधिर' हे शब्द वापरले जातात.

'एकात्मिक शिक्षण' आणि 'समावेशित शिक्षण' यांत फरक केला जातो. एकात्मिक शिक्षणात विद्यार्थ्याने आहे त्या शाळेशी जुळवून घेणे अपेक्षित असते, तर समावेशित शिक्षणात शाळा विद्यार्थ्यानुसार स्वतःत बदल करते.

सामाजिक सहभागाचे मोजमाप करताना संशोधक चार घटक विचारात घेतात. नेदरलँड्समधील कोस्टर, नाकेन, पेइल आणि व्हान हाउटेन यांनी २००९ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार हे घटक पुढीलप्रमाणे आहेत : मैत्री व नातेसंबंध, दैनंदिन संपर्क व देवाणघेवाण, सहाध्यायांनी केलेला स्वीकार आणि स्वतःच्या सामाजिक स्थानाविषयी विद्यार्थ्याची स्वतःची जाणीव.

'कच्चा लिंबू' ही संकल्पना

महाराष्ट्रातील मुलांच्या खेळांत लहान किंवा दुबळ्या समजल्या जाणाऱ्या गड्याला 'कच्चा लिंबू' किंवा 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेण्याची प्रथा आहे. असा गडी इतरांसोबत धावतो, पण तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याच्या गुणांची मोजदादही होत नाही. या प्रथेत दयाळूपणा असतो, कारण मुलाला घरी पाठवले जात नाही. मात्र दिव्यांग विद्यार्थी वर्षानुवर्षे कच्चा लिंबूच राहिला, तर तो गटाचा घटक न होता गटाचा पाहुणा ठरतो. समावेशित शिक्षणाच्या परिभाषेत ज्याला नाममात्र सहभाग म्हणतात, त्याचे हे देशी रूप होय. ज्याच्यावर इतरांप्रमाणेच राज्य येते, जो हरू शकतो आणि ज्याच्याशी भांडणही होऊ शकते, तो खऱ्या अर्थाने खेळगडी होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात दिव्यांग मुलांच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात स्वतंत्र विशेष शाळांपासून झाली. मुंबईत १८८५ मध्ये कर्णबधिरांसाठी आणि १९०० मध्ये दृष्टिहीनांसाठी शाळा सुरू झाली. ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेली ही दुसरी शाळा आज दादर येथील कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाते. या शाळांनी शिक्षण, ब्रेल लिपी आणि व्यवसायकौशल्ये दिली, परंतु त्यांतील विद्यार्थ्यांचा आपल्या वयाच्या अन्य मुलांशी नित्याचा संपर्क राहिला नाही.

१९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने दिव्यांग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची शिफारस केली. त्यानुसार १९७४ मध्ये केंद्र शासनाची अपंग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना सुरू झाली. १९८७ मध्ये एनसीईआरटी आणि युनिसेफ यांनी एकात्मिक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. त्यात एखाददुसऱ्या शाळेऐवजी संपूर्ण विकासगटातील शाळा एकत्रितपणे तयार करण्यावर भर होता. जून १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी समावेशित शाळांचा पुरस्कार करणारे निवेदन स्वीकारले. भेदभावाच्या वृत्तीशी लढण्याचे आणि सर्वांना सामावून घेणारे समाज घडवण्याचे ते प्रभावी साधन आहे, अशी भूमिका त्यात घेतलेली आहे. पुढे सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ पासून समग्र शिक्षा या योजनांतून हे धोरण जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत पोहोचले.

कायदेशीर चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. या कराराचे २४ वे कलम शिक्षणाविषयी असून त्यात जीवनकौशल्ये आणि सामाजिक विकासाची कौशल्ये शिकण्याची संधी देण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. दिव्यांग आणि अन्य विद्यार्थी एकत्र शिकतात आणि अध्यापनाची पद्धत विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार बदलली जाते, अशी समावेशित शिक्षणाची व्याख्या या कायद्यात आहे. मैत्रीच्या दृष्टीने पुढील तरतुदी महत्त्वाच्या आहेत :

• कलम १६ नुसार शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, तसेच खेळ व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक विकासासोबत सामाजिक विकासही जास्तीत जास्त साधेल, असे वैयक्तिक साहाय्य देणे शाळेवर बंधनकारक आहे.

• कलम ३१ नुसार निर्धारित प्रमाणातील दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

• कलम ३९ मध्ये शाळा व महाविद्यालयांच्या पातळीवर दिव्यांगत्वाविषयी जाणीवजागृती करण्याची तरतूद आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वसाधारण शाळांतही पुरेसे विशेष शिक्षक नेमण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला.

सैद्धान्तिक आधार

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेला संपर्क सिद्धान्त या विषयाचा प्रमुख आधार मानला जातो. दोन गटांतील माणसे केवळ एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचे पाठबळ या चार अटी साहाय्यभूत ठरतात. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्कामुळे सामान्यतः पूर्वग्रह घटतात आणि या अटी पाळल्या गेल्यास परिणाम अधिक होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

शाळेच्या संदर्भात समान दर्जाची अट सर्वांत अवघड आहे. दिव्यांग विद्यार्थी नेहमी मदत घेणारा आणि इतर नेहमी मदत करणारे अशी विभागणी झाली, तर संपर्क भरपूर असूनही मैत्री जुळत नाही. मदत एकतर्फी असते, तर मैत्रीत देवाणघेवाण असते. म्हणून दिव्यांग विद्यार्थ्याला इतरांना काही देता येईल अशा भूमिका मिळणे आवश्यक मानले जाते. गणित समजावून सांगणे, परिपाठात दिनविशेष वाचणे, वर्गाची हजेरी नोंदवणे किंवा सामन्यात गुणलेखन करणे ही त्याची साधी उदाहरणे होत.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मूळ शारीरिक उणीव आणि तिच्यामुळे ओढवणारे सामाजिक परिणाम यांत भेद केला होता. दृष्टी नसणे ही मूळ स्थिती आहे, तर खेळायला न मिळाल्यामुळे खेळाचे नियम न कळणे हा दुय्यम परिणाम आहे. दुय्यम परिणाम सामाजिक असल्याने तो टाळता येतो, असे या विचाराचे सार आहे.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये स्वमग्नतेच्या संदर्भात 'दुहेरी सहानुभूतीची समस्या' ही संकल्पना मांडली. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे म्हटले जाते, परंतु इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन तितकेच कळत नसते, असा त्यांचा मुद्दा आहे. त्यामुळे सामाजिक कौशल्यांचे शिक्षण केवळ दिव्यांग मुलाला न देता संपूर्ण वर्गाला द्यावे, या मताला बळ मिळाले.

दिव्यांगत्वानुसार संवादाच्या गरजा

मैत्रीतील अडथळे दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार बदलतात. सहाध्यायांनी आत्मसात करावयाची काही कौशल्ये पुढे दिली आहेत.

दृष्टिदोष : दृष्टिहीन विद्यार्थ्याशी बोलताना प्रथम आपले नाव सांगावे आणि निघून जाताना तसे कळवावे. 'मी कोण, ओळख पाहू' हा प्रश्न वरवर खेळकर असला, तरी अनेकांना तो परीक्षेसारखा वाटतो. चालताना त्याला ओढू किंवा ढकलू नये. आपला हात पुढे करावा, म्हणजे तो स्वतः कोपराजवळ धरून चालू शकतो.

श्रवणदोष : कर्णबधिर विद्यार्थ्यासमोर उभे राहून, चेहऱ्यावर उजेड असताना आणि एका वेळी एकानेच बोलावे. गटात सर्वजण हसले आणि विनोद त्याला कळला नाही, तर 'काही नाही, सोड' असे उत्तर देण्याऐवजी विनोद पुन्हा सांगावा. वर्गाने भारतीय सांकेतिक भाषेतील काही शब्द शिकणे उपयुक्त ठरते. या भाषेचा शब्दकोश भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला.

चलनवलनविषयक दिव्यांगत्व : चाकाची खुर्ची किंवा कुबड्या हा त्या व्यक्तीच्या शरीराचाच भाग मानावा आणि विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. वर्ग पहिल्या मजल्यावर आणि मैदान पायऱ्यांखाली असेल, तर मधल्या सुट्टीत हा विद्यार्थी वर्गातच एकटा राहतो. येथे अडचण कौशल्याची नसून इमारतीची असते.

बौद्धिक अक्षमता : नियम छोट्या टप्प्यांत, कृती करून दाखवल्यास खेळ शिकता येतो. वयाने मोठ्या विद्यार्थ्याशी बाळासारखे बोलणे टाळावे.

स्वमग्नता : गोंगाट, गर्दी किंवा अचानक झालेला बदल त्रासदायक ठरू शकतो. उपरोध किंवा टोमणा शब्दशः घेतला जाण्याची शक्यता असते, म्हणून स्पष्ट बोलणे हिताचे असते. एखाद्या आवडीच्या विषयाभोवती, उदाहरणार्थ रेल्वेची वेळापत्रके, नकाशे किंवा कीटक यांच्याभोवती मैत्री सहज जुळते.

विशिष्ट अध्ययन अक्षमता : ही अक्षमता डोळ्यांना दिसत नाही. मोठ्याने वाचताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला 'ढ' ठरवले जाते आणि त्याचे वर्गातील स्थान घसरते.

वाचादोष : तोतरे बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य इतरांनी पूर्ण करू नये. त्याला वेळ द्यावा.

शाळेतील उपाय

मैत्री शिक्षकाच्या आदेशाने होत नाही. मात्र ती जुळण्याची शक्यता वाढवता येते. त्यासाठी पुढील उपाय प्रचलित आहेत.

सहकारी अध्ययन

एलियट ॲरन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे 'जिगसॉ' पद्धत विकसित केली. पाठाचे भाग पाडून गटातील प्रत्येक सदस्याला एक भाग दिला जातो आणि प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा असतो. कोणाही एकावाचून पाठ पूर्ण होत नसल्याने प्रत्येकाचे म्हणणे ऐकणे गटाला भाग पडते. वर्णभेदाचा ताण असलेल्या वर्गांसाठी ही पद्धत तयार झाली. पुढे ती दिव्यांग विद्यार्थी असलेल्या वर्गांतही वापरली जाऊ लागली.

बैठक व्यवस्था आणि समाजमिती

वर्गातील नातेसंबंधांचा नकाशा काढण्याची समाजमिती ही पद्धत जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडली. सहलीला जाताना शेजारी कोण बसलेले आवडेल, असा प्रश्न शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याला खाजगीत विचारतो. कोणाचेही नाव न आलेला विद्यार्थी यातून लक्षात येतो आणि त्यानुसार बाकांची व गटांची रचना बदलता येते. ही माहिती गोपनीय ठेवावी लागते, अन्यथा एकटे पडलेले मूल अधिकच उघडे पडते.

मित्रमंडळ

कॅनडात १९८० च्या दशकात मार्शा फॉरेस्ट आणि जॅक पियरपॉइंट यांनी 'मित्रांचे वर्तुळ' ही पद्धत प्रचारात आणली. दिव्यांग विद्यार्थ्याभोवती स्वेच्छेने पुढे आलेल्या काही सहाध्यायांचा गट तयार होतो. हा गट ठरावीक काळाने शिक्षकासोबत बसून अडचणींवर मार्ग शोधतो. एकाच 'सोबत्या'वर जबाबदारी टाकण्यापेक्षा गट अधिक टिकाऊ ठरतो, कारण एक विद्यार्थी गैरहजर राहिला किंवा कंटाळला तरी सोबत तुटत नाही.

खेळ

नियमांत थोडा बदल केल्यास बहुतेक खेळ सर्वांना खेळता येतात. बुद्धिबळाच्या पटावर एका रंगाची घरे उंच केल्यास आणि सोंगट्यांना खुंट्या बसवल्यास दृष्टिहीन खेळाडू बरोबरीने खेळतो. दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये आवाज करणारा चेंडू असतो आणि गोलंदाजी खालून घरंगळत केली जाते. लगोरी, कॅरम आणि संगीत खुर्ची यांतही असे बदल शक्य आहेत. बदललेला नियम सर्व खेळाडूंना लागू केल्यास कोणीही कच्चा लिंबू उरत नाही. १९६८ मध्ये सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्स चळवळीत बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात खेळतील असे एकत्रित क्रीडाप्रकारही आहेत.

मधली सुट्टी आणि भोजन

मैत्री तासापेक्षा मधल्या सुट्टीत अधिक जुळते. शालेय पोषण आहाराची पंगत किंवा डबा खाणाऱ्यांचे कोंडाळे हे महाराष्ट्रातील शाळांतील प्रमुख सामाजिक स्थान आहे. दिव्यांग विद्यार्थ्याला सोयीसाठी वेगळे बसवून आधी वाढले जाते, तेव्हा त्याची ही संधी नकळत हिरावली जाते.

लेखनिकाचे नाते

मंडळाच्या परीक्षेत दृष्टिहीन आणि लेखनात अडचण असलेल्या विद्यार्थ्यांना लेखनिक घेता येतो. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत दर तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ देय आहे. लेखनिक बहुधा खालच्या इयत्तेतील विद्यार्थी असतो. परीक्षेपूर्वी दोघांनी एकत्र सराव केला, तर शब्दोच्चार, विरामचिन्हे आणि आकृत्या यांबाबत समजूत वाढते. या सरावात वरच्या इयत्तेतील दिव्यांग विद्यार्थी शिकवणारा असतो. त्यामुळे मदतीचे नाते दुतर्फी होते.

प्रौढांचे अंतर

मायकल जियान्ग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मदतनीस प्रौढ व्यक्ती सतत विद्यार्थ्यालगत बसल्यास सहाध्यायांशी होणारा संपर्क घटतो, असे आढळले. शेजारी मोठे माणूस असताना मुले मोकळेपणाने बोलत नाहीत. त्यामुळे मदतनिसाने गरजेपुरते जवळ यावे आणि बाजूला व्हावे, अशी शिफारस केली जाते.

भाषा आणि चिडवणे

शारीरिक उणिवेवरून टोपणनाव ठेवण्याची सवय शाळांत आढळते. मराठीतील काही प्रचलित म्हणींतही आंधळा, लंगडा, बहिरा हे शब्द कमीपणा दाखवण्यासाठी येतात. 'वासरात लंगडी गाय शहाणी' हे त्याचे उदाहरण होय. अशा म्हणी शिकवताना त्यांचा अर्थ आणि त्यांतील दृष्टिकोन या दोहोंवर वर्गात चर्चा करता येते. चिडवण्याच्या प्रसंगी पाहणाऱ्या मुलांची भूमिका निर्णायक असते. एकाही सहाध्यायाने हरकत घेतली, तर चिडवणाऱ्याला प्रेक्षक उरत नाहीत.

महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबईत १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. सुरुवातीला विशेष शाळा चालवणाऱ्या या संस्थेने पुढे समावेशित शिक्षणाचा पुरस्कार केला. आता ती 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मिठू अलूर यांच्या कन्या मालिनी चिब यांनी 'वन लिटल फिंगर' हे इंग्रजी आत्मकथन २०११ मध्ये प्रसिद्ध केले. शिक्षणासोबतच सामाजिक जीवनातील अनुभवही त्यात आले आहेत.

कोल्हापूर येथे नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था स्थापन झाली. संस्थेच्या समर्थ विद्यामंदिर या अडथळाविरहित शाळेत दिव्यांग आणि अन्य मुले एकत्र शिकतात. येथे अन्य मुले दिव्यांगांसाठी उभारलेल्या वास्तूत येतात. नेहमीच्या समावेशाचा क्रम असा उलटल्याने दिव्यांग विद्यार्थी पाहुणा राहत नाही. दिल्लीतील अमर ज्योती या संस्थेनेही १९८१ पासून दिव्यांग आणि अन्य मुलांना समान संख्येने एकत्र शिकवण्याचा प्रयोग केला आहे.

मलकापूर तालुक्याचा संदर्भ

मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील १३ तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्यालय असून ते नळगंगा नदीकाठी वसले आहे. मुंबई–नागपूर लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ येथून जातात. मुंबई किंवा कोल्हापूर येथील संस्थात्मक प्रयोगांपेक्षा येथील परिस्थिती वेगळी आहे. स्वतंत्र संस्थेऐवजी गावची जिल्हा परिषद शाळा, शहरातील मराठी व उर्दू माध्यमाच्या शाळा आणि पंचायत समितीचे गटसाधन केंद्र हीच येथील समावेशित शिक्षणाची मुख्य चौकट होय.

ग्रामीण शाळेचा पट लहान असतो. एका वर्गात, किंबहुना संपूर्ण शाळेत, दिव्यांग विद्यार्थी एखादाच असू शकतो. त्यामुळे त्याचे मित्र अन्य मुलांमधूनच मिळावे लागतात. याची एक अनुकूल बाजू अशी की मुले शाळेत येण्यापूर्वीच एकमेकांना गल्लीत, शेतावर किंवा अंगणवाडीत भेटलेली असतात. प्रतिकूल बाजू अशी की मित्रांचा गट तुटला, तर पर्यायी गट उपलब्ध नसतो. गावात वरचे वर्ग नसल्यास पुढील शिक्षणासाठी मुलांना दुसऱ्या गावी किंवा शहरात जावे लागते आणि नेमक्या या टप्प्यावर असा तुटलेपणा येतो. चालत किंवा सायकलने जाणाऱ्या गटात दिव्यांग विद्यार्थी सामील होऊ शकला नाही, तर शाळेसोबत मैत्रीही सुटते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा पावसाळ्यातील चिखल हाही एक व्यावहारिक अडथळा आहे. कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या विद्यार्थ्याची अनुपस्थिती या काळात वाढू शकते. शाळेच्या फाटकापासून वर्ग, स्वच्छतागृह आणि मैदान यांपर्यंत पक्की वाट असणे म्हणूनच प्रवेशद्वारातील उताराइतकेच महत्त्वाचे ठरते.

भाषेचाही विचार करावा लागतो. या भागातील बोली वऱ्हाडी असून शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील बोलींचाही तिच्यावर प्रभाव आहे. पाठ्यपुस्तकाची भाषा प्रमाण मराठी असते, पण खेळाची, थट्टेची आणि भांडणाची भाषा वऱ्हाडी असते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या किंवा वाचाउपचार घेणाऱ्या मुलाला केवळ प्रमाण भाषेचा सराव दिल्यास तो वर्गात उत्तर देतो, परंतु मैदानात एकटा पडतो. मैत्रीसाठी बोलीतील नेहमीचे शब्द शिकवणे उपयुक्त ठरते.

लोकपरंपरांत समावेशाच्या संधी आढळतात. खानदेश आणि वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई बसवतात. घरोघरी जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हटली जातात आणि शेवटी डबा वाजवून आतील खाऊ ओळखायचा असतो. आवाजावरून खाऊ ओळखण्यात दृष्टिहीन मुलगी इतरांच्या बरोबरीने भाग घेऊ शकते, तर टिपऱ्यांचा ठेका पाहून धरता येत असल्याने कर्णबधिर मुलीलाही त्यात स्थान मिळते. घरोघरी फिरणाऱ्या गटात तिला सोबत नेणे हे मात्र मैत्रिणींवर आणि पालकांवर अवलंबून असते.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी प्रतिवर्षी प्रतिविद्यार्थी ३,५०० रुपयांची, तसेच मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतनाची तरतूद आहे. साहाय्यभूत साधने, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि वाचक भत्ता यांसाठी निधीचा उपयोग होतो. सामाजिक सहभागासाठी असे ठळक शीर्ष नसल्याने तो बहुतांशी वर्गशिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक यांच्या पुढाकारावर विसंबून राहतो.

चित्रपटांतील चित्रण

संजय सूरकर दिग्दर्शित 'चौकट राजा' (१९९१) या चित्रपटात बौद्धिक अक्षमता असलेला नंदू आणि त्याची बालमैत्रीण यांची कथा आहे. नंदूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. महेश लिमये दिग्दर्शित 'यलो' (२०१४) हा चित्रपट डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांच्या जीवनावर आधारित आहे. प्रसाद ओक दिग्दर्शित 'कच्चा लिंबू' (२०१७) हा चित्रपट जयवंत दळवी यांच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवर आधारित असून विशेष मुलाच्या पालकांचे जीवन त्यात रेखाटले आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मर्यादा व टीका

समावेशित शिक्षणातील मैत्रीविषयीच्या विचारावर काही आक्षेपही घेतले जातात. कर्णबधिर समाजातील अनेकांच्या मते सांकेतिक भाषा बोलणारे सवंगडी नसलेल्या शाळेत कर्णबधिर मूल सर्वाधिक एकाकी असते. त्याला विशेष शाळेतच भाषा आणि मित्र दोन्ही मिळतात. उलटपक्षी, निवासी विशेष शाळेत गेलेले मूल सुट्टीपुरतेच घरी येत असल्याने गावातील मैत्रीला मुकते. कलम ३१ मधील निवडीचा हक्क या दोन्ही बाजू लक्षात घेऊनच वापरावा लागतो. दिव्यांग मुलांची आपापसांतील मैत्रीही तितकीच मोलाची असून 'अन्य' मुलांशी झालेली मैत्रीच खरी, असे मानणे चुकीचे ठरते.

सामाजिक कौशल्यांच्या काही प्रशिक्षणांत स्वमग्न मुलांना नजरेला नजर देण्याची किंवा हातवारे थांबवण्याची सक्ती केली जाते. ही कौशल्ये नसून स्वतःला लपवण्याची सवय आहे, अशी टीका प्रौढ स्वमग्न व्यक्तींनी केली आहे.

जे मूल शाळेतच पोहोचत नाही, त्याच्यासाठी शालेय मैत्रीचा प्रश्न उद्भवतच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. युनेस्कोसाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने तयार केलेल्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातील पाच वर्षे वयाच्या दिव्यांग मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुले कोणत्याही शैक्षणिक संस्थेत जात नव्हती. हेच वय अंगणवाडी आणि बालवाडीचे, म्हणजे पहिले सवंगडी मिळण्याचे असते. दिव्यांगत्वाचे लवकर निदान आणि अंगणवाडीतील प्रवेश यांना त्यामुळे शैक्षणिक महत्त्वासोबत सामाजिक महत्त्वही आहे.